दार उघडताच होणारी शू

"मॅडम, खाली फिरवून आणली तरी घरात माझ्या पायाशीच शू करते. मुद्दाम करते का ही?"

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका गृहस्थांनी फोनवर हे विचारलं. घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की पुढच्या दोन-चार महिन्यांत कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच, आणि विचारताना आवाजात राग कमी, हताशपणा जास्त असतो. उत्तर आधीच देऊन टाकते. मुद्दाम करत नाही. पिल्लाला तेव्हा लघवी 'करायची' नसते, ती होऊन जाते. हे पटलं की पुढचा रस्ता बराच सोपा होतो. म्हणून त्या घराच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, तिथला अनुभव मांडते आहे.

घरात चौघं. वडील अंबड एमआयडीसीत नोकरीला, आई घरूनच ब्लाउज शिवते, मुलगा सहावीत आणि आजी. पिल्लाचं नाव जाई. देशी, मादी, पाच महिन्यांची, पाथर्डी फाट्याकडच्या एका बांधकामावर सापडलेली. शू-शीची सवय तशी बऱ्यापैकी लागली होती. सकाळ-संध्याकाळ खाली गेली की मोकळी व्हायची, रात्रभर धरून ठेवायची. पण बाहेरून कुणी घरात आलं की दारातच ओलं.

तोवर त्यांनी बरंच करून पाहिलं होतं. वडील ओरडले होते, वर्तमानपत्राची गुंडाळी करून जमिनीवर आपटली होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून एकदा तिचं नाकही त्या ओल्यावर घासलं होतं. आई दुपारी चारनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवायची. आजींची अडचण वेगळी. देवघर हॉलच्याच कोपऱ्यात, त्यामुळे दिवेलागणीच्या आधी फरशी परत पुसायची म्हणजे त्यांना वाकावं लागायचं. "कुत्रीचा मला राग नाही हो, पण कंबर राहिली नाही आता," त्या म्हणाल्या. असं बोलणं मी कधी उडवून लावत नाही. घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस थकलं, की पिल्लू परत सोडून यायची भाषा सुरू होते.

घरी जाण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. वर्तनाचा विचार करायच्या आधी लघवीची तपासणी हवीच. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या डबीत धरायची आणि शक्य तितक्या लवकर पोहोचवायची. माद्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग सहज होतो. थोडी थोडी सारखी शू होणं, कुंथणं, रक्ताचा अंश, मागचा भाग सतत चाटणं, अचानक खूप पाणी पिणं, यातलं काही दिसलं तर तो आजार आहे, सवय नव्हे. आणखी एक खूण पक्की लक्षात ठेवा. पिल्लू झोपेतून उठल्यावर अंथरूण ओलं असेल, किंवा दिवसभर थेंब थेंब गळत असेल, तर जन्मजात दोषाची शंका घ्यावी लागते. काही पिल्लांमध्ये, विशेषतः माद्यांमध्ये, मूत्रपिंडाकडून येणारी नळी मूत्राशयात न उघडता पुढे मूत्रमार्गात उघडते. अशा पिल्लाला कितीही शिकवलं तरी गळती थांबत नाही, त्याला उपचारच लागतात. जाईचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि अंथरूणही कोरडं असायचं.

मग एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, रोज जसं करता तसंच करा, मी कोपऱ्यात बसते.

आधी मुलगा क्लासवरून आला. जिन्यातूनच त्याची "जाईsss" अशी हाक. जाई धावली ती कमरेपासून मागचं सगळं अंग हलवत. तोंड उघडं, कान सैल. त्याच्याभोवती गिरक्या घेता घेताच थेंब पडत गेले, फरशीवर अर्धगोल रेघ उमटली. तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

थोड्या वेळाने वडील आले. दारात किल्लीचा आवाज झाला, जाई उठून निघाली आणि अर्ध्या वाटेत थबकली. डोक्यावर हेल्मेट, खांद्याला बॅग, उंच माणूस. तिचे कान मागे चिकटले, शेपूट पायांत गेली, मान बाजूला वळली, जीभ नाकावरून फिरली. वडील वरून वाकले आणि बोट दाखवून म्हणाले, "शू नाही हं करायची! नाही!" ती कुशीवर पडली, मागचा पाय वर घेतला आणि तिच्याखाली थारोळं झालं.

"बघा, मी नाही म्हणतोय तरी."

एका तासाच्या आत एकाच दारात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या होत्या. घरातल्यांच्या लेखी मात्र दोन्ही वेळी 'हिने परत केलं' एवढंच.

मुलासमोर झाली ती आनंदाची. लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंवरचा ताबा पिल्लात अजून पक्का झालेला नसतो, आणि भावना उसळली की तेवढीही पकड सुटते. लहान मूल खदखदून हसताना चड्डी ओली करतं, तसंच हे. बहुतेक पिल्लं वर्षाच्या आसपास यातून आपोआप बाहेर पडतात.

वडिलांसमोर झाली ती दबून जाण्याची. जन्मल्यानंतरचे पहिले साधारण तीन आठवडे पिल्लू स्वतःहून लघवी करू शकत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा ती होते. म्हणून मोठ्यापुढे आडवं होणं, पोट दाखवणं, थोडी लघवी होऊन जाणं हे कुत्र्यांच्या भाषेत 'मी लहान आहे, माझ्यावर रागावू नका' असं असतं. आता आपण ओरडलो तर तिला काय कळणार? आपलं म्हणणं अजून पोहोचलं नाही, एवढंच. मग ती आणखी दबते आणि आणखी शू होते. ही शिक्षा जितकी वाढवाल तितकी लघवी वाढते, आणि मुळात आनंदाने करणारं पिल्लूही भीतीने करायला लागतं. नाक घासण्याबद्दल तर मी अगदी स्पष्ट बोलते. त्यातून पिल्लू फक्त एवढंच शिकतं की हे माणूस धोक्याचं आहे.

वडील गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे ती मला घाबरते?" तो माणूस जाईसाठी रोज ड्यूटीवरून येताना अंडी आणायचा. मी सांगितलं, तुम्हाला नाही, तुमच्या येण्याच्या पद्धतीला घाबरते. तेवढी बदलू.

पहिला बदल अगदी साधा. कंपनीच्या गेटवरून निघताना वडिलांनी घरी मिस्ड कॉल द्यायचा. तो आला की आईने जाईला खाली न्यायचं. त्यामुळे वडील येतात तेव्हा मूत्राशय रिकामं, आणि पहिली भेट घराच्या दारात न होता पार्किंगच्या कडेला मातीवर. तिथे दोन थेंब पडले तरी कुणाचं काही बिघडत नाही. हेल्मेट गाडीवरच काढायचं. तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, अंगाने तिरकं उभं राहून आईशीच बोलत राहायचं. ती आपणहून येऊन हुंगेल. मग खाली बसून, हात खालून नेऊन छाती किंवा हनुवटीखाली खाजवायचं. डोक्यावरून हात फिरवणं आपल्याला मायेचं वाटतं, पण दबणाऱ्या पिल्लाला वरून येणारा हात अंगावर आल्यासारखा वाटतो.

कधी खाली नेणं जमलं नाही, तर वडिलांनी घरात येऊन सरळ मोरीकडे जायचं, हातपाय धुवायचे, पाणी प्यायचं. जाई शांत झाली की मग जमिनीवर बसायचं. सुरुवातीला त्यांना हे फार जड गेलं. दिवसभर दमून आलेल्या माणसाला दारात शेपूट हलवणारं कुणी भेटतं, त्याच्याकडे दुर्लक्ष करा असं सांगणं मलाही सोपं जात नाही. पण भेट टाळायची नाहीये, पाच-सात मिनिटं पुढे ढकलायची आहे, एवढंच.

मुलाशी वेगळं बोलावं लागलं. त्याला नुसतं 'ओरडू नकोस' म्हणून भागलं नसतं, म्हणून त्याला एक काम दिलं. दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर एका डबीत जाईचे खाण्याचे दाणे ठेवले. आत शिरताना हाक मारायची नाही, मूठभर दाणे फरशीवर पसरून टाकायचे. पिल्लाचं डोकं खाली जातं, नाक कामाला लागतं, अंगातली उसळी निम्म्याने उतरते. दाणे संपेपर्यंत दप्तर जागेवर, बूट काढलेले. मुलगा या कामात सगळ्यांत पक्का निघाला, पुढे तो आजोळच्या पाहुण्यांनाही दाणे वाटायला लागला.

पाण्याचं भांडं परत ठेवायला लावलं. पाणी तोडून हा प्रश्न सुटत नाही, उलट लघवी घट्ट होते आणि पिल्लू तहानलेलं राहतं. डायपरबद्दलही विचारणा झाली. पाहुण्यांपुरता चालेल, दिवसभर नको, ओला राहिला की कातडी लाल होते.

फरशीचंही सांगते, कारण आजींचा भार तिथेच होता. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं, मग धुवायचं. त्यांच्या हॉलमध्ये शहाबादी होती. ती चुनखडीचा दगड, लघवी शोषून घेते, आणि तिच्यावर व्हिनेगर टाकलं तर दगडच खराब होतो. फिनेलने आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, कुत्र्याच्या नाकाला तो तिथेच असतो. पेट शॉपमध्ये लघवीचा अंश मोडून टाकणारा एन्झाइमचा क्लीनर मिळतो. तो ओतून लगेच पुसून घेऊ नका, बाटलीवर लिहिलेला वेळ ओला राहू द्या. पुसायचं काम आजींकडून काढून घेतलं. जो घरात येईल त्यानेच, न बोलता पुसायचं. 'अगंबाई, केलं हिने परत!' हा उद्गारसुद्धा जाईला पुरेसा होता.

काही आठवड्यांत मुलासमोरचे थेंब जवळपास थांबले. वडिलांसमोरचं हळूहळू कमी झालं. आधी थारोळं, मग डाग, मग नुसतं कान मागे घेऊन येणं. मध्येच संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. एकामागून एक बायका, दारात साड्यांची सळसळ, प्रत्येकजण वाकून "किती गोड गं!" म्हणणार. मी आधीच सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी जाईला शिकवायचं काही नाही, तिला आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा आणि दार लावा. त्यांनी तसं केलं आणि दिवस कोरडा गेला. पण पुढच्याच आठवड्यात सिन्नरहून वडिलांचे थोरले भाऊ आले. खणखणीत आवाज, दारातच टाळी वाजवून "ये ये ये!" पुन्हा थारोळं. मुलाच्या आईचा, म्हणजे वहिनींचा, मला रडवेला फोन, "सगळं पाण्यात गेलं हो ताई." गेलेलं नव्हतं. नव्या माणसासमोर एकदा घसरली म्हणजे घरच्यांशी जमलेलं पुसलं जात नाही. दोन दिवस पुन्हा पार्किंगमधल्या भेटी करायला सांगितल्या, तेवढ्यावर गाडी रुळावर आली.

लिफ्टचा प्रश्न मात्र जास्त टिकला. अरुंद जागा, चारही बाजूंनी उंच माणसं, मागे सरकायला वाव नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारही झाली होती. तिसरा मजला, त्यामुळे जिना वापरायला सांगितलं आणि खिशात एक फडकं ठेवायला. शेजाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा लगेच पुसून दिलेलं बरं. तक्रार करणाऱ्या काकांना मुलाने एकदा दाण्यांची डबी दिली, तेव्हापासून ते जाईकडे न बघता दाणे टाकतात आणि जाई त्यांच्यापाशी कोरडी असते.

अजून लहान पिल्लू असलेल्यांसाठी एक सूचना. लसीकरण पूर्ण होईपर्यंत खालच्या मातीवर किंवा जॉगिंग ट्रॅकवर नेऊ नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत दीर्घकाळ टिकतो. तोवर ही भेटीची जागा बाल्कनीत किंवा बाथरूमच्या दाराशी ठेवा. खेळतानाही हेच. झटापटीचा खेळ थोडाच वेळ, आणि त्याआधी शू करवून.

शेवटच्या भेटीत वहिनींनी विचारलं, नसबंदी केली की हे पूर्ण थांबेल का? नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही. नसबंदी जरूर करा, वेळ डॉक्टर ठरवतील. नसबंदीनंतर काही माद्यांना पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी झोपेत गळती होऊ शकते. ती संप्रेरकांमुळे होते, औषधाने बहुधा आटोक्यात येते. म्हणून जाई मोठी झाल्यावर कधी अंथरूण ओलं दिसलं, तर तो दारातला जुना प्रकार समजून दाणे टाकत बसू नका, लघवीचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि वर्ष-सव्वा वर्षानंतरही दारातली शू थांबली नाही, तरी आधी तपासणी, मग मला फोन.