सिंगापूरची शर्यत आणि सुताचे पैसे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारांचं पत्र आलंय. वय ४४, आठ माग, घरी पत्नी आणि जूनमध्ये आठवीत जाणारा मुलगा. २००५ साली नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाच्या गाडीत बसला तेव्हापासून हे गृहस्थ फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यती बघतात. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर शर्यत झाली, पण तेव्हा मागांचं कर्ज नवं होतं, जाता आलं नाही. आता मुलालाही तोच नाद लागलाय. येत्या ऑक्टोबरात तिघांनी सिंगापूरला जायचं, खर्च ५ लाख ४० हजार, असं त्यांनी ठरवत आणलंय. ३ लाख सीसी खात्यातून (बँकेने कारखान्याला दिलेलं कॅश क्रेडिट), २ लाख भिशी आत्ताच उचलून, उरलेले क्रेडिट कार्डावर. पत्नीचं म्हणणं, "तुम्ही बापलेक जा, माझं तिकीट काढू नका." त्यांचा प्रश्न एवढाच: जाऊ का?

जा. पण या ऑक्टोबरात नको, आणि या पैशांनी तर नकोच.

तुमची हौस मी उधळपट्टीत धरत नाही. वीस वर्षं टिकलेली आवड आहे, मुलगा बापाबरोबर हौसेने येईल अशी ही शेवटची तीन-चार वर्षं आहेत, आणि भारतातली शर्यत परत कधी सुरू होईल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. सहलीला माझा विरोध नाही. माझं सगळं भांडण सीसीच्या त्या ३ लाखांशी आहे.

कारखान्याचं वर्ष कसं फिरतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी पत्रातलेच आकडे तुमच्यासमोर ठेवतो. दिवाळी आणि लग्नसराईचा माल तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात पाठवता. त्याचं सूत रोखीने किंवा थोड्या दिवसांच्या उधारीवर आणता आणि विकलेल्या मालाचे पैसे ६० ते ७५ दिवसांनी हाती येतात. मधे कामगारांचा बोनस. म्हणजे सिंगापूरची शर्यत नेमकी अशा आठवड्यात येते, जेव्हा तुमचा पैसा सगळ्यात जास्त मालात आणि उधारीत अडकलेला असतो. आज सीसीत ३ लाख मोकळे दिसतात ते त्या आठवड्यांसाठीच मोकळे आहेत. ते सिंगापूरला गेले आणि त्याच वेळी सुताचा भाव चढला, तर सूत व्यापाऱ्याकडे जास्त उधारी मागावी लागेल. उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा नेहमी चढा असतो. हे नुकसान बँकेच्या व्याजाच्या पावतीत कधीच दिसत नाही, वर्षअखेरीला नफा कमी का झाला ते कळत नाही, एवढंच.

व्याजाचाही हिशेब करून बघू. दर साडेदहा टक्के धरला तर ३ लाखांवर महिन्याला सव्वीसशे रुपये व्याज. तुमच्या घरखात्यात सगळं जाऊन ७ हजार उरतात. ते सगळेच्या सगळे या फेडीला लावले, तरी ३ लाख फिटायला साडेचार वर्षं लागतील. आठवीतल्या ऑक्टोबरात काढलेले पैसे मुलाची बारावीची परीक्षा होईपर्यंत फेडत राहायचे. शिवाय सीसी ही कारखान्याच्या मालावर आणि येण्यांवर दिलेली मर्यादा असते, घरच्या खर्चाला ती वापरणं बँकेच्या अटीत बसत नाही. त्या रकमेवरचं व्याज धंद्याचा खर्च म्हणूनही दाखवता येत नाही. तुमच्या सीएंना विचारा, तेही हेच सांगतील.

आता शर्यत कुठली, यावर. सिंगापूरचा मोह मला कळतो. २००८ मध्ये तिथे फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत झाली. शहराच्या रस्त्यांवर, दिव्यांच्या झगमगाटात गाड्या धावतात, टीव्हीवर त्यासारखं देखणं दुसरं काही दिसत नाही. पण तुमच्या धंद्याच्या वर्षात बसते ती अबुधाबीची शर्यत. २००९ पासून यास मरीना सर्किटवर ती होते, हंगामाची शेवटची शर्यत बहुतेक तीच असते आणि गेली काही वर्षं ती नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते. तोवर तुमच्या दिवाळीच्या मालाची वसुली सुरू झालेली असते, बोनस वाटून झालेला असतो, आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या कितीतरी आधी तुम्ही घरी परत. तिकडची हवाही तेव्हा सुखाची असते. सूर्य मावळताना शर्यत सुरू होते आणि दिव्यांत संपते, म्हणजे रात्रीच्या शर्यतीची तुमची इच्छा बरीचशी पुरी होईल. शेवटची शर्यत असल्यामुळे कधी कधी विजेतेपदाचा निकालही तिथेच लागतो. २०२१ साली शेवटच्या फेरीत वेरस्टापेनने हॅमिल्टनला मागे टाकलं ते याच ट्रॅकवर.

मात्र या डिसेंबरात नाही, पुढच्या. मुलगा तेव्हा नववीत असेल. त्याच्या पुढच्या वर्षी दहावी, त्यामुळे डिसेंबरात परदेशी जायचा विषयच काढता येणार नाही. म्हणजे हातात साधारण वीस महिने आहेत.

वहिनींनी सांगितलंय ते शब्दशः घ्या. त्यांना शर्यतीत रस नाही आणि तीन दिवस उन्हातान्हात आवाज ऐकत बसायचं नाही, हे त्यांनी स्पष्ट म्हटलंय. "तिला सोडून कसं जायचं" ही तुमची अडचण प्रेमाची आहे, पण तिच्यावर दीड-पावणेदोन लाख खर्च करून त्यांना नको असलेल्या ठिकाणी नेणं हा काही तोडगा नाही. त्याऐवजी ५० हजार त्यांच्या नावाने वेगळे काढा. त्याचं काय करायचं ते त्या ठरवतील, बहिणींबरोबर सहलीला जायचं की आणखी काही. ही रक्कम तुमच्या सहलीच्या आधी बाजूला निघाली पाहिजे, उरलं तर देऊ असं नको.

दोघांचा खर्च मी असा धरतो. हे माझे अंदाज आहेत, बुकिंगच्या वेळी आकडे हलतील. स्टँडमधली तीन दिवसांची दोन तिकिटं १ लाख ३० हजार, मुंबईहून विमान ५६ हजार, पाच रात्रींचं हॉटेल ४५ हजार, व्हिसा आणि प्रवास विमा २० हजार, तिकडचं खाणंपिणं आणि टॅक्सी-बस ३० हजार, सोलापूर-मुंबई येणंजाणं आणि किरकोळ ९ हजार, वर २० हजार हाताशी. बेरीज ३ लाख १० हजार. गवतावर बसायची स्वस्त तिकिटं घेतली तर पन्नास-साठ हजार वाचतील, पण तिथे चांगली जागा धरायला सकाळपासून जाऊन बसावं लागतं. इथे मी तुम्हाला काटकसर करायला सांगणार नाही. समोर मोठा पडदा दिसेल असा स्टँड घ्या, नाहीतर पन्नासहून जास्त फेऱ्यांत कोण कुठे आहे ते कळत नाही. वाचवायचं असेल तर हॉटेलवर वाचवा. यास बेटावरच्या हॉटेलांचे दर शर्यतीच्या आठवड्यात आभाळाला भिडतात. अबुधाबी शहरात किंवा थेट दुबईत राहून रोज ये-जा केली तरी चालतं.

पैसा उभा करायची पद्धत तुमच्याच घरखर्चात दडलेली आहे. तुम्ही धंद्यातून घरासाठी महिन्याला ८५ हजार उचल घेता. घरखर्च ४६, जुळे सोलापूरच्या फ्लॅटचा हप्ता १७, मुलाच्या नावाची एसआयपी ५, भिशी १०. राहिले ७ हजार. यातले २ हजार बाजूला ठेवा, त्याबद्दल पुढे बोलतो. ५ हजारांची आवर्ती ठेव बँकेत आजच सुरू करा, वीस महिन्यांत व्याज सोडून १ लाख होतात. भिशी वीस जणांची, आठ हप्ते भरून झालेत, बारा राहिलेत. आत्ता उचललीत तर जास्त कसर सोडून, म्हणजे कमी रक्कम घेऊन उचलाल आणि पुढचे १ लाख २० हजार कर्जासारखे भरत राहाल. थांबलात तर जवळजवळ पूर्ण २ लाख मिळतील. पण अगदी शेवटच्या पाळीपर्यंत थांबू नका. पेठेतली भिशी ओळखीवर चालते, नोंदणी नसते, चालवणारा अडचणीत आला तर शेवटच्या दोघा-तिघांचे पैसे बुडतात. पंधराव्या-सोळाव्या पाळीला उचला, पाच-सात हजार कमी मिळाले तरी चालतील, आणि त्याच दिवशी बँकेत मुदत ठेव करा. कारखान्यात घालू नका, "दोन महिन्यांसाठी फक्त" असं म्हणूनही नाही. भिशी संपल्यावर सुटणारे १० हजार पुढचे आठ महिने साठवले की आणखी ८० हजार. एकूण पावणेचार लाखांच्या आसपास. सहलीचे ३ लाख १० हजार आणि वहिनींचे ५० हजार यातून जाऊन थोडे उरतात. ते रुपया घसरला तर लागतील. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १९९७ पासून ३.६७२५ दिरहमला एक डॉलर, त्यामुळे डॉलर महागला की तुमचं तिकीट तेवढंच महागणार.

ते २ हजार टर्म इन्शुरन्ससाठी, म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना रक्कम देणाऱ्या विम्यासाठी. तुमच्या डोक्यावर फ्लॅटचं कर्ज आहे, सीसीला तुमची वैयक्तिक हमी आहे आणि मुलगा लहान आहे, तरीही तुमच्या नावावर एक रुपयाचाही टर्म विमा नाही. पत्रातली ही ओळ वाचून मी सिंगापूर विसरलो. १ कोटीचं संरक्षण घ्या. व्यसन नसेल आणि तब्येत ठीक असेल, तर तुमच्या वयाला साधारण एवढ्या मासिक हप्त्यात बसावं. तपासणीत साखर किंवा रक्तदाब लपवू नका, नाहीतर क्लेमच्या वेळी वहिनींना वकील शोधावा लागेल. ही पॉलिसी हातात येईपर्यंत शर्यतीचं एकही तिकीट काढू नका.

पतसंस्थेतल्या ६ लाखांना सहलीसाठी हात लावायचा नाही हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, चांगलं केलंत. पण बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत जे ठेव विम्याचं संरक्षण आहे, ते पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. पाव-अर्धा टक्का जास्त व्याजासाठी घरची सगळी गंगाजळी तिथे ठेवू नका. मुदत संपेल तसे किमान ४ लाख बँकेत हलवा. माग चार महिने बंद पडले तरी घर चालावं, यासाठी ते पैसे आहेत.

बुकिंगबद्दल थोडंसं. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आदल्या वर्षीच जाहीर होतं, लवकर घेणाऱ्यांना तिकीट थोडं स्वस्त पडतं. तिकीट शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा त्यांनी नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, व्हॉट्सॲपवरच्या "ओळखीतल्या" माणसाकडून नाही. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. शर्यती रद्द होतात, हे नुसतं बोलणं नाही. २०२० मध्ये मेलबर्नची शर्यत शुक्रवारी सकाळी रद्द झाली तेव्हा लोक दारात उभे होते. सिंगापूर २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षं झाली नाही, २०२३ मध्ये पुरामुळे इटलीतली इमोलाची शर्यत गेली. तिकिटाचे पैसे एखादेवेळी परत मिळतील, पण विमान आणि हॉटेलचं तसं नसतं. आखातात वातावरण तापलेलं दिसलं तर बुकिंग थांबवा. साठवलेला पैसा कुठे जात नाही.

एजंटकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर लागेल. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय ना ते बघा, म्हणजे विवरणपत्र भरताना वळता करून घेता येईल. तिकडे कार्ड घासताना मशीन "रुपयांत की दिरहममध्ये" असं विचारतं, दिरहमच निवडा, रुपयांत दर वाईट मिळतो. साधं क्रेडिट कार्ड परदेशी खर्चावर दोन ते साडेतीन टक्के आकारणी आणि त्यावर जीएसटी लावतं, म्हणून फॉरेक्स कार्डात पैसे भरून न्या. पासपोर्ट दोघांचेही आत्ताच काढा. मुलगा फक्त वडिलांबरोबर जाणार असल्याने वहिनींचं संमतीपत्र जवळ असू द्या.

आणखी एक काम या महिन्यातच करण्यासारखं आहे. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर तुमच्याकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशीर झाला तर वर्षअखेरीला थकलेली रक्कम त्याला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येते. ७५ दिवस लावणाऱ्या तुमच्या दोन मोठ्या गिऱ्हाइकांना बिलावर उद्यम क्रमांक छापून हे नम्रपणे सांगा. सगळे ऐकणार नाहीत, पण एकाने जरी महिनाभर आधी पैसे सोडले, तरी सीसीवरचा ताण उतरेल.

आणि वीस महिन्यांत काही बिघडलं, दोन माग बंद पडले किंवा मोठी उधारी बुडाली, तर नववीचा डिसेंबर सोडून द्या आणि थेट अकरावीच्या डिसेंबरचा विचार करा. मधल्या दहावीच्या वर्षी उरकून घ्यायची घाई नको. तोपर्यंत ५ हजारांची ठेव चालू राहू द्या, आणि रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर दोघं बसताच आहात.