नाव बदललं, नंबर हरवला : खेळाच्या चॅनेलबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चॅम्पियन्स लीगची मॅच रात्री साडेबाराला नाहीतर दीडला. रिमोट घेऊन बसलं की यादीत ओळीनं चार-पाच वेळा नुसतं ‘सोनी स्पोर्ट्स टे…’ दिसतं, पुढचं कापलेलं. एक कुठलं, दोन कुठलं हे उघडून बघेपर्यंत तिकडं गोल होतो. एवढी लांब नावं ठेवायचीच कशाला?
— एक फुटबॉलप्रेमी, मंगळवार पेठ

उत्तर : कापाकापी चॅनेलवाले करत नाहीत, तुमचा बॉक्स करतो. सिग्नलबरोबर चॅनेलचं नाव एका तक्त्यातून येतं आणि त्यात जागा भरपूर असते. पण पडद्यावरच्या यादीचा रकाना अरुंद, त्यात जुन्या बॉक्सची अक्षरं जाडजूड. नेमकी ओळख पटवणारा भाग, म्हणजे आकडा, भाषा आणि एचडी, हा नावाच्या शेपटाला असतो आणि सुरी तिथंच चालते. म्हणून काही केबलवाले आणि डीटीएचवाले स्वतःच नाव आखडून ‘एसएस १ हिं एचडी’ असं काहीतरी करून ठेवतात. ते दिसायला ओबडधोबड असलं तरी आमच्या मते सोयीचं.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. मॅचच्या आधी, दिवसाउजेडी, त्या प्रत्येक ओळीवर जाऊन रिमोटचं ‘इन्फो’ किंवा ‘आय’ बटण दाबा. खाली येणाऱ्या पट्टीत बहुतेक वेळा पूर्ण नाव आणि चालू कार्यक्रम दिसतो. हवं ते चॅनेल ‘फेव्हरिट’मध्ये टाका आणि त्याचा तीन किंवा चार आकडी नंबर रिमोटच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. नाव कितीही वेळा बदललं तरी नंबर सहसा तोच राहतो. आवाजावर चालणारा रिमोट असेल तर त्याला आद्याक्षरं सांगण्यापेक्षा पूर्ण नाव सांगा. ‘एसएस वन’ म्हटल्यावर तो भलतंच काहीतरी शोधायला जातो.

आता नावाचं. यातला ‘टेन’ मुळात दहाचा आकडा नव्हेच. २००२ मध्ये दुबईच्या ताज टेलिव्हिजननं टेन स्पोर्ट्स सुरू केलं. ताज एंटरटेनमेंट नेटवर्क या नावाची आद्याक्षरं म्हणजे ‘टेन’. पुढं ते झीकडं गेलं, २०१६ मध्ये सोनीनं ते ३८.५ कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं आणि २०१७ मध्ये सोनी टेन १, २, ३ अशी पाटी लागली. २४ ऑक्टोबर २०२२ ला मधे ‘स्पोर्ट्स’ घुसवलं आणि त्याच दिवशी सोनी सिक्सचं सोनी स्पोर्ट्स टेन ५ झालं. म्हणजे दहा, सहा आणि पाच, तिन्ही आकडे एकाच चॅनेलच्या वाट्याला! प्रेक्षक गोंधळला तर दोष त्याचा नाही.

परदेशात गाडी उलट दिशेनं गेली, नावं आखूड होत गेली. ईएसपीएन १९७९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्या अक्षरांमागं एंटरटेनमेंट अँड स्पोर्ट्स प्रोग्रॅमिंग नेटवर्क असं लांबलचक नाव होतं. १९८५ पासून कंपनीनं ते सोडून दिलं, नुसती अक्षरंच नाव झाली. अमेरिकेत ‘व्हर्सस’ हे चॅनेल २०१२ च्या जानेवारीत एनबीसी स्पोर्ट्स नेटवर्क झालं आणि पुढं एनबीसीएसएन. ते २०२१ च्या अखेरीस बंदही पडलं. मोटारशर्यतीचं ‘स्पीड’ ऑगस्ट २०१३ मध्ये फॉक्स स्पोर्ट्स १ झालं, पडद्यावर एफएस१. यामागं जागेचं गणित आहे. धावफलकाची पट्टी, जाहिरात आणि घड्याळ यांतून कोपऱ्यात उरते ती तीन-चार अक्षरांची जागा. मोबाइलवरच्या ॲपच्या चौकोनात तर त्याहून कमी.

पण आद्याक्षरं रुळतात ती लोकांच्या तोंडून. आपल्याकडं कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये ‘पीटीएम’ म्हटलं की पाटाकडील तालीम मंडळ आणि ‘केएसए’ म्हटलं की कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, हे शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर कुणाला सांगावं लागत नाही. कंपनीच्या बैठकीत ठरलेली अक्षरं मात्र दोन-तीन वर्षांत पुन्हा बदलतात.

प्रश्न : आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं ब्राँझ आम्ही दुकानातल्या टीव्हीवर स्पोर्ट्स१८ वर बघितलं. आता ते चॅनेलच नाही. महिन्याचे पैसे तर वेळेवर जातात. बॉक्स बिघडला म्हणायचा का?
— एक दुकानदार, कागल

उत्तर : बॉक्स बहुतेक ठीक आहे. स्पोर्ट्स१८ एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची मालक व्हायकॉम१८ आणि स्टार एकत्र येऊन जिओस्टार झालं आणि मार्च २०२५ मध्ये ही चॅनेल स्टार स्पोर्ट्सच्या नावाखाली गेली. स्पोर्ट्स१८ खेलचं स्टार स्पोर्ट्स खेल झालं. असंच २०१३ च्या नोव्हेंबरात स्टार क्रिकेट आणि ईएसपीएन ही नावं जाऊन स्टार स्पोर्ट्स १ ते ४ आली होती.

पडद्यावर नेमकं काय दिसतं, त्यावरून दुरुस्ती ठरते.

जुन्याच नंबरवर नव्या नावाचं चॅनेल लागत असेल तर काहीच करायचं नाही. फक्त यादीत जुनं नाव अडकून बसलं असेल तर बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा, एक मिनिट थांबा, पुन्हा लावा. रिमोटनं बंद करून उपयोग नाही, बॉक्स तेव्हा फक्त झोपतो.

नंबर लागतो, नाव येतं, पण चित्राऐवजी ‘हे चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही’ अशा अर्थाची पाटी येत असेल, तर शंभर वेळा स्कॅन केलं तरी फरक पडणार नाही. हा परवानगीचा प्रश्न आहे. कुठलं चॅनेल उघडायचं याचा हुकूम सिग्नलमधूनच तुमच्या बॉक्समधल्या कार्डाकडं येतो. आधी बिलात बघा : ते चॅनेल तुम्ही सुटं घेतलं होतं की बुकेमध्ये, म्हणजे चॅनेलच्या एकत्र गठ्ठ्यात? सुटं घेतलेलं चॅनेल बंद होऊन त्याजागी दुसरं आलं असेल तर नवं वेगळं निवडावं लागू शकतं. निवड बरोबर असेल तर बॉक्सचा किंवा कार्डाचा नंबर सांगून ‘रिफ्रेश’ मागा. त्या वेळी बॉक्स चालू ठेवा आणि तेच चॅनेल लावून दहा-पंधरा मिनिटं हलवू नका. इथंच बहुतेकांचं चुकतं. फोन करतात आणि बॉक्स बंद करून जेवायला बसतात. हुकूम येऊन जातो, घेणारा झोपलेला.

नंबरच रिकामा असेल तेव्हाच मेन्यूत जाऊन ऑटो स्कॅन करा. ‘फॅक्टरी रीसेट’ अगदी शेवटी. त्यानं फेव्हरिट यादी आणि रेकॉर्डिंगच्या वेळा पुसल्या जातात, मुलांसाठी लावलेलं लॉकही मूळ आकड्यावर जातं.

निवडताना हिशेब बघा. ज्या चॅनेलची किंमत १९ रुपयांपर्यंत आहे तेच बुकेमध्ये घालता येतं. १९ वर १८ टक्के जीएसटी धरला की २२ रुपये ४२ पैसे. एकच खेळ हिंदी, इंग्रजी, एचडी आणि साधं अशा चार रूपांत घेऊन बसलेली घरं कमी नाहीत. त्यातलं एक ठेवा.

प्रश्न : चॅनेलचं नाव बदललं म्हणून आमच्या केबलवाल्यानं नंबरही बदलले. विचारलं तर म्हणतो, ‘वरूनच आलंय.’ खरं का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : नाव बदलल्यानं नंबर बदलावाच लागतो असं नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार आणि केबलवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे एकदा दिलेला नंबर किमान वर्षभर बदलायचा नसतो. चॅनेलचा प्रकारच बदलला, म्हणजे खेळाचं चॅनेल सिनेमाचं झालं, तर मात्र ते नव्या गटात हलवावं लागतं. जुना आणि नवा नंबर व तारीख लिहून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

प्रश्न : भारताची वनडे शेजाऱ्याच्या फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला दिसते. आमच्या केबलवर तेच डीडी स्पोर्ट्स, पण मॅच नाही. चॅनेल दोन आहेत का?
— एक वाचक, राधानगरी

उत्तर : चॅनेल एकच, वाट वेगळी. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल खाजगी चॅनेलला प्रसार भारतीला द्यावा लागतो. पण २२ ऑगस्ट २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तो सिग्नल दूरदर्शननं आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणात आणि फ्री डिशवरच दाखवायचा. केबलवर आणि खाजगी डीटीएचवर त्या वेळात दुसरं काहीतरी लावतात. आयपीएल त्या यादीत नाही, तेव्हा त्यासाठी डिश बसवू नका.

बसवायचीच असेल तर फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर, ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या भागातून तोंड आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १२९ अंशांवर, आणि उंची साधारण ६० अंश. नेहमीची अंडाकृती डिश मात्र दिसायला त्याहून बरीच उभी राहते, कारण ती वरून येणारा सिग्नल तिरपा झेलते. ६० अंश मोजून डिशच आडवी पाडली तर सिग्नल शून्य येतो. बॉक्स एमपेग-४ चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा घ्या. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही चॅनेल यादीत येतच नाहीत, आणि मग लोक डिश हलवत बसतात. राधानगरीच्या पावसात सिग्नल काठावर असून चालत नाही. कोरड्या दिवशी ‘क्वालिटी’चा पट्टा जास्तीत जास्त मिळेपर्यंत डिश एकेक अंश सरकवा, मग नट आवळा आणि एलएनबीच्या, म्हणजे डिशपुढच्या सिग्नल झेलणाऱ्या डबीच्या, तोंडाशी वायरीला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत जोडणीत शिरणार नाही.