ठाण्यातील स्थानिक केबल वाहिन्या कशा सुरू झाल्या आणि पुढे त्यांचे काय झाले?

ठाणेकरांना 1972 पासून मुंबई दूरदर्शन मिळाले, परंतु आपल्या गावाची स्वतंत्र वाहिनी ही नव्वदच्या दशकातील केबलवाल्यांची देणगी होय. 1991 च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांची मागणी वाढली, इमारतींच्या गच्च्यांवर डिश अँटेना उभ्या राहिल्या आणि एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर काळ्या वायरी गेल्या. केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये व्हीसीआरला मॉड्युलेटर, म्हणजे चित्र-आवाज केबलच्या एखाद्या वाहिनीवर चढवणारे यंत्र, जोडला की एखाद्या रिकाम्या क्रमांकावर स्वतःचा कार्यक्रम दाखवता येत असे. सुरुवातीला त्यावर प्रामुख्याने चित्रपट लागत, ज्यांच्या हक्कांची चौकशी फारसे कोणी करत नसे.

बातम्या मागाहून आल्या. मासुंदा तलावावरील विसर्जन, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, महापालिकेची महासभा हे सारे लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याच कॅमेऱ्यातून टिपले जाई आणि पडद्याच्या तळाशी क्लासच्या व साडी सेलच्या जाहिरातींची पट्टी सरकत राही. माझ्या मते या वाहिन्यांचे खरे अर्थकारण त्या पट्टीतच होते.

1995 च्या केबल कायद्यानुसार चालकाला मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करणे बंधनकारक झाले, ही आज गमतीची वाटणारी तरतूद होती. मोठा फटका मात्र डिजिटायझेशनने, म्हणजे केबलचे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने डिजिटल करण्याच्या सक्तीने, दिला. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई यांचा समावेश असलेल्या दुसऱ्या टप्प्याची मुदत 31 मार्च 2013 होती. त्यानंतर प्रक्षेपण मोठ्या वितरकाच्या सेट टॉप बॉक्समधूनच होऊ लागल्याने गल्लीतल्या मॉड्युलेटरला जागा उरली नाही, आणि स्थानिक बातमीदारी हळूहळू यूट्यूबकडे वळली.