तमाशाच्या फडात कीबोर्ड वाजवायला जावं का? ते फिरतं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवता, एका तमाशाच्या फडाकडून अख्ख्या हंगामाचं बोलावणं आलंय आणि गावोगावची फिरती झेपेल का कळत नाही. मी नारायणगावच्या एका मोठ्या फडात काही हंगाम कीबोर्डच वाजवलाय, म्हणून लिहितो. वाजवणं झेपेल. प्रश्न झोपेचा आहे, आणि त्याच्याही आधी उचलीचा, म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा.

फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास परततो. बाहेरच्यांना हा एकच हंगाम वाटतो, पण त्याचे दोन तुकडे आहेत. पहिला तंबूचा. कनाती लावायच्या, तिकीट लावायचं, मोठ्या यात्रा गाठायच्या. मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा, घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे ती, मग नांदेडकडे माळेगावचा खंडोबा. अशा ठिकाणी मुक्काम लांबतो, कपडे धुऊन वाळतात, माणसं माणसात येतात. मात्र गल्ला जमला नाही की मॅनेजरचं तोंड बघवत नाही.

दुसरा तुकडा जत्रांच्या सुपाऱ्यांचा, म्हणजे गावानं रक्कम ठरवून बोलावलेल्या खेळांचा. होळी-पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपारी ठरवून जातात. गावदेवाची जत्रा तिथीला असते, ती पुढेमागे होत नाही. चैत्र पौर्णिमेला किंवा त्यानंतरच्या अष्टमीला कितीतरी गावांना एकाच रात्री तमाशा हवा असतो, त्यामुळे त्या तारखांचा भाव चढतो आणि तारीख रिकामी जाऊ देणं मालकाला परवडत नाही. चार महिने पावसाळ्यात बसून खायचं असतं, ते इथेच कमवायचं.

म्हणून चैत्रातला एक दिवस असा जातो. दुपार कलताना गावात पोचायचं. बिगारी ट्रकमधून स्टेज उतरवतात, तोवर कोणी विहिरीच्या मोटारीखाली आंघोळ उरकतं, कोणी ट्रकच्या सावलीत आडवं होतं. जेवण आचाऱ्याच्या हातचं, भात आणि तिखटजाळ आमटी. रात्री छबिना निघतो आणि पालखी देवळात परतल्याशिवाय गाव तमाशाला बसत नाही. इकडे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम २००० सालापासून आहे. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रात संपतात. त्यामुळे छबिना रेंगाळला की कात्री वगाला, म्हणजे शेवटच्या नाट्याला लागते. गण, गवळण उरकायची, बतावणी थोडक्यात, फर्माइशीची गाणी मात्र पूर्ण, कारण त्यांच्यावर बक्षीस येतं. ज्या वगासाठी पूर्वी लोक पहाटेपर्यंत बसायचे, तो कधी अर्ध्यावर गुंडाळतात, कधी होतच नाही. मला हे कधीच पटलं नाही, पण पोलिसाची गाडी समोर उभी असताना मालक तरी काय करणार?

खेळ सुटला म्हणून निघता येत नाही. सकाळी त्याच गावात हजेऱ्या, म्हणजे सकाळचा खेळ असतो. रात्रीची रंगरंगोटी पुरती उतरलेली नसते, डोळे चुरचुरतात आणि समोर रात्री न आलेल्या आज्या, पोरं, टोपीवाले म्हातारे बसलेले. खरं सांगू? सगळ्यात चांगला प्रेक्षक हाच. शिट्टी नाही, चिठ्ठी नाही, गवळण मन लावून ऐकतात. दुपारी गाव कुस्त्यांच्या आखाड्याकडे वळतं आणि आपण पुढच्या गावाच्या रस्त्याला लागतो. आज जुन्नर, उद्या कोरेगाव असंही होतं. झोप होते ती गाडीत, पेटाऱ्याला पाठ लावून.

कीबोर्डचं म्हणाल तर ऑर्केस्ट्रात पट्टी आधी ठरलेली असते, इथे बाई उभी राहून सरळ सूर लावते. काळी चार असो की पाच, ट्रान्सपोजवर बोट तयार ठेवायचं. ढोलकीवाल्याकडे बघत वाजवा, कानापेक्षा डोळा जास्त कामाचा. जनरेटरचा दाब खाली-वर झाला की कीबोर्ड बंद होऊन पुन्हा चालू होतो, तोही नेमका लावणीच्या मध्यात, म्हणून छोटा यूपीएस स्वतःचा न्या. थंडीत सारंगखेड्याला तापीकाठी दव पडलं की हलगी मऊ पडते, मग गडी स्टेजमागे पाचट पेटवून ती शेकत बसतो. ती कडक झाल्याची टणटण ऐकू आल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. ती राख आणि धूळ तुमच्या बटणांत जाते, म्हणून जाड कापडाचं झाकणही न्या.

बायकांचं आयुष्य याहून कठीण. पोरं गावी आजीकडे, आडोसा मिळेल तिथे आंघोळ, आणि स्टेजवर कायम हसरा चेहरा. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच: खेळ चालू असताना बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. सगळे कौतुकानं सांगतात. मला मात्र दर वेळी वाटतं, त्या रात्री खेळाआधीच त्यांना सुट्टी द्यावी असं कोणालाच कसं सुचलं नाही?

आता उचल. हंगामाआधी मालक एकरकमी पैसे देतो आणि ते पगारातून वळते करतो. मालकानंही ते बहुतेक वेळा सावकाराकडूनच काढलेले असतात. हंगाम बरा गेला तर फिटते. सुपाऱ्या बुडाल्या, जसं २०२० च्या चैत्रात लॉकडाऊनमुळे झालं, की उचल पुढच्या हंगामावर चढते आणि नको असलं तरी त्याच फडात जावं लागतं. कितीतरी चांगले कलाकार कलेपायी नाही, उचलीपायी फडात अडकलेले मी बघितलेत. तुम्हाला घरची फार अडचण नसेल तर उचल घेऊच नका. घेतलीत तर रक्कम, तारीख आणि दर महिन्याची कपात वहीत लिहून मॅनेजरची सही घ्या. तो हसेल, हसू दे.

आणि दसऱ्याला एकदम सगळ्या हंगामाचा शब्द देऊ नका. राहुट्या लागतील तेव्हा नारायणगावला चक्कर मारा, त्या फडाच्या ढोलकीवाल्याला गाठून चहा पाजा आणि गेल्या हंगामाचा हिशेब कधी मिळाला ते विचारा. मालकाला हे विचारून उपयोग नाही. ऐन चैत्रात बदली वादक लागतातच, त्यातल्या आठ-दहा तारखा वाजवा आणि मग काय ते ठरवा.