वाचकांचे प्रश्न : कादंबरी, कारखाना आणि कायदा

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात या महिन्यात अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी 'द जंगल' चर्चेला होती. एकीचं म्हणणं, या कादंबरीने अमेरिकेत कायदा बदलला. दुसऱ्याचं म्हणणं, कामगारांच्या पदरात काहीच पडलं नाही. खरं कुणाचं? (एक वाचक मंडळ, मडगाव)

उत्तर : कायदा बदलला, पण मांस खाणाऱ्यांसाठी, ते कापणाऱ्यांसाठी नव्हे. सिंक्लेअर १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे राहिले. त्याच वर्षी तिथल्या कामगारांचा संप मोडला होता. कादंबरी १९०५ मध्ये 'अपील टू रीझन' या समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये पुस्तकरूपाने. त्याआधी प्रकाशकाने शिकागोला माणूस धाडून मजकूर पडताळून घेतला, हे विसरू नये. मग राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नील आणि रेनॉल्ड्स या दोघांना चौकशीला पाठवलं. घाणीबद्दल लिहिलेलं बहुतेक सगळं त्यांना जागेवर सापडलं. ३० जून १९०६ ला मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा, अशा दोन्ही कायद्यांवर सह्या झाल्या. पुस्तक निघून पाच महिनेही झाले नव्हते.

कामगार मात्र मागे राहिला. त्याला वाचकांची पोटाची काळजी जितकी कारण, तितकाच कायद्याचा पेचही. एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या मालावर केंद्राचा अधिकार चाले, म्हणून मांसावर शिक्का मारता आला. कारखान्यातले तास हा राज्यांचा विषय. त्यातही न्यूयॉर्कने बेकरी कामगारांसाठी ठरवलेली दिवसाला दहा तासांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये 'कराराच्या स्वातंत्र्या'च्या नावाखाली उडवून लावली होती. आणि पैशाचं गणित पाहा. मोठ्या कंपन्यांना युरोपात माल खपवायला सरकारी शिक्का हवाच होता, नि तपासणीचा वर्षाला ३० लाख डॉलरचा खर्च सरकारी तिजोरीतून मंजूर झाला. तास कमी केले असते तर तोटा कंपनीच्या गल्ल्याला बसला असता. कारखान्यातल्या तासांना देशभर लगाम बसायला १९३८ उजाडलं. नेम काळजावर धरला होता, लागला पोटात, असं सिंक्लेअर स्वतःच म्हणाले.

पुढच्या बैठकीसाठी एक सूचना. माणूस चरबीच्या पिंपात पडतो आणि चरबीबरोबर डब्यातून बाजारात जातो, हा प्रसंग सगळ्यांत जास्त सांगितला जातो. नेमका तोच चौकशीत सिद्ध झाला नाही. तो पुरावा म्हणून पुढे करू नका. मांस खारवण्याच्या खोलीतल्या आम्लाने झडणारे बोटांचे सांधे, वेग ठरवणाऱ्या कामगाराला जास्त पैसे देऊन अख्ख्या रांगेला पळवणं, ही पानं जास्त भक्कम आहेत.

प्रश्न : माझ्या कथेतली बाई काजूच्या कारखान्यात बिया फोडते. संपादकांनी 'कारखाना दिसत नाही' म्हणून कथा परत पाठवली. काय घालू? (वाचक, वाळपई)

उत्तर : आधी क्रम पक्का करा. बी वाफेवर शिजवतात आणि पसरून निवू देतात, बहुधा रात्रभर. घाईने गरम फोडली तर गराचे तुकडे होतात. मग कटर : पायाने दांडा दाबायचा, हाताने पातं चालवायचं, बी एकेक करून आणि नेमकी उभी बसवायची. कवच दुभंगलं की दुसरी बाई टोकदार सळईने गर काढते. नंतर गर भट्टीत साधारण ७० अंशांवर सहा ते आठ तास वाळतो, मग तांबडी साल सुटते. शेवटी प्रतवारी. 'डब्ल्यू ३२०' म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर.

कथेचा जीव मात्र कवचाच्या तेलात आहे. ते कातडी जाळतं. आधी बोटं काळी पडतात, मग फोड येतात, साल निघते. बाया हाताला राख किंवा एरंडेल चोळतात. हातमोजे दिलेले असतात, पण खुंटीला लटकलेले, आणि हे का ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. मोजा घातला की बी उभी बसली की आडवी हे बोटाला कळत नाही; हात मंदावतो, तुकडे वाढतात. मजुरी किलोवर असेल तर मोज्याची किंमत बाईच्याच पगारातून वळती होते. 'अडाणी बाया सांगूनही ऐकत नाहीत' असं मुकादमाच्या तोंडी घाला हवं तर. निवेदकाच्या तोंडी नको.

म्हणून दर विचारा. किलोला किती, दिवसाला किती किलो, तुकड्याचा दर वेगळा का, वजन कोण करतो आणि बाईला काट्याचा आकडा दिसतो का. दर गुणिले किलो करून आलेली रक्कम त्या कामासाठी ठरलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहा. नगावर किंवा वजनावर काम असलं तरी किमान वेतन चुकत नाही. फरक निघाला तर तुम्हाला कथा सापडली. आईचं आजारपण नि मुलीचं लग्न आणून रडवायची गरज उरणार नाही.

जादा तासांचंही तसंच. आठवड्याला ४८ तास आणि त्यापुढे दुप्पट दराने मजुरी हे १९४८ च्या कारखाना कायद्यात होतं, दुप्पट दर कामगार कायद्यांच्या नव्या संहितेतही आहे. पगाराच्या चिठ्ठीवर तो रकाना भरलेला असतो की कोरा, ते बघून लिहा.

प्रश्न : आपल्याकडे लेखणीने कारखान्यात काही बदललं का? (वाचक, फोंडा)

उत्तर : कादंबरीने फारसं नाही. वर्तमानपत्राने मात्र बदललं. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, सात ते बारा वयाच्या पोरांना दिवसाला नऊ तास ठेवले, मोठ्यांना तासांची मर्यादाच घातली नाही. शंभराहून कमी माणसांचे कारखाने बाहेरच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधु'तून गिरणीतली स्थिती मांडली, १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी जून १८९० मध्ये मान्य केली. १८९१ च्या कायद्याने बायकांना ११ तासांची मर्यादा घातली. लेख छापून ते थांबले नाहीत, सह्या गोळा केल्या, इथे फरक पडला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे यातलं काहीच इथे लागू नव्हतं.

प्रश्न : वेर्ण्याच्या एका कारखान्यावर लिहितोय. नाव बदललं की खटल्याची भीती नाही ना? (वाचक, वास्को)

उत्तर : नुसतं नाव बदलून भागत नाही. माल, रस्ता, फाटकाचा रंग, मालकाची गाडी यांवरून ओळख पटली तर बदनामीचा दावा होऊ शकतो. कायद्यात कंपनीचीही बदनामी होते. सिंक्लेअर यांनीही कंपन्यांना डरहॅम, ब्राउन अशी नावं दिली होती, पण त्यांच्यामागे पडताळणी होती. दोन-तीन कारखान्यांचे तपशील एकत्र करा, चिठ्ठ्या आणि नोंदी तारखेसह जपून ठेवा. माहिती देणाऱ्या कामगाराची पाळी, विभाग आणि गाव तिन्ही बदला. कारखानदार कथेत आधी तोच शोधतो. धोका खरोखरच आजचा असेल, यंत्राला जाळी नाही किंवा आत वायू साचतो, तर कथा छापून येईपर्यंत थांबू नका. पणजीत कारखाने आणि बाष्पके निरीक्षणालयाला लेखी कळवा. तक्रार कुणाची हे निरीक्षकाने उघड करायचं नसतं. कामगार निरीक्षणाबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९४९ मध्येच मान्यता दिली आहे, त्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पत्रात यंत्र, पाळी आणि वेळ नेमकी द्या, म्हणजे भेट त्याच पाळीत होईल.