वाचक मंडळात कादंबरीकार येणार आहेत. तयारी काय आणि कशी करावी?

शिरपूरला तुमचं पंधरा-सोळा जणांचं मंडळ आहे, एक कादंबरीकार यायला तयार झालेत, आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सत्कार कसा करावा, मानधन द्यावं का, आणि लोक गप्प बसले तर काय करावं. तिन्हींबद्दल सांगतो. पण त्याआधी मीच विचारतो, तुमच्या पंधरा जणांपैकी पुस्तक किती जणांनी वाचलंय? हा आकडा तीन-चार असेल तर बाकी सगळी तयारी वाया जाणार, आणि दहाच्या वर असेल तर फार काही करावंच लागणार नाही.

आम्ही अमळनेरचे. अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे १९५२ मध्ये झालं आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं झालं. त्यामुळे मांडव, ग्रंथदिंडी, हारतुरे यांची गावाला सवय आहे, आणि हीच सवय वाचक मंडळाच्या मुळावर येते. संमेलनात लेखक व्यासपीठावर आणि आपण खाली खुर्चीत, हे ठीकच आहे. हजारोंच्या गर्दीत दुसरं काय करणार? पण वीस माणसांच्या बैठकीतही आपण एक छोटं संमेलनच भरवतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत. एका गावात (नाव राहू द्या) अध्यक्षमहाराजांनी पुस्तक उघडलेलंही नव्हतं आणि तरी पाऊण तास बोलले. लेखक घड्याळाकडे पाहत होते, आणि मागे बसलेल्या ज्या दोन मुली पुस्तकात कागदाच्या चिठ्ठ्या घालून आल्या होत्या, त्यांच्यापर्यंत वेळच आली नाही. आभार मानून मंडळी चहाला उठली.

तेव्हा सत्काराचं माझं मत सरळ आहे. कुणाला शाल द्यायचीच असेल तर दारातच द्या, फोटो काढा आणि विषय संपवा. परिचय दोन वाक्यांचा, कारण जमलेल्यांना लेखक कोण हे माहीत असायलाच हवं. अध्यक्ष नकोच. नगरसेवक आलेच तर सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसवा, बसतात. गोल करून बसा, म्हणजे लेखक कुठल्या टोकाला हा प्रश्नच राहत नाही. वीस-पंचवीस माणसांना माइक लागत नाही. माइक हातात आला की आपल्याकडे चांगल्या बोलणाऱ्या माणसाचंही भाषण होतं.

आता पुस्तकाचं. लेखकांनाच फोन करून विचारा की कुठल्या एका कादंबरीवर बोलायला आवडेल. बहुतेकदा गाजलेल्या पुस्तकाऐवजी दुसरंच नाव येतं, ज्यावर त्यांच्याशी कुणी कधी धड बोललेलं नसतं. मग प्रकाशकाकडून थेट सात-आठ प्रती मागवा. एकदम घेतल्या तर सवलत बहुधा मिळते, मागायला लाजू नका. एक प्रत दोन-तीन घरांत फिरली की झालं, मात्र दीड-दोन महिने हाताशी ठेवा. तालुक्याच्या वाचनालयालाही विचारा. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना शासनाचं अनुदान मिळतं आणि त्यातून पुस्तकखरेदी होते, त्यामुळे ग्रंथपाल मनावर घेणारे असतील तर दोन प्रती तिथेच येतील. आणि कृपा करून ग्रुपवर पीडीएफ टाकू नका. ज्याच्या पुस्तकाची चोरी केली त्यालाच जेवायला बोलवायचं, हे मला तरी पटत नाही.

लोक गप्प बसण्याची भीती रास्त आहे. आपल्याकडे माणूस पारावर तासभर बोलेल, पण 'काही प्रश्न असतील तर विचारा' म्हटलं की छताकडे बघतो. यावर आमच्याकडे एक रीत चांगली रुळली आहे: प्रत्येकाने एक पान निवडून यायचं. पानाचा नंबर सांगायचा, त्यातल्या दोन ओळी वाचायच्या आणि हेच पान का, ते सांगायचं. बस. पहिल्या तिघांना आधी सांगून ठेवा, म्हणजे कोंडी फुटते. पहिला तासभर लेखकांनी फक्त ऐकायचं, हेही त्यांना आधीच फोनवर सांगा. काहींना रुचत नाही. त्यांचं भाषण ठेवा आणि समाधान माना. पण ज्यांना रुचतं त्यांच्याबरोबरची बैठक वेगळीच होते.

आमच्याकडे एक लेखिका आल्या होत्या, मराठवाड्यातल्या. त्यांच्या कादंबरीत एक विधवा बाई मुलाच्या फीसाठी बाजारात म्हैस विकते आणि घेणारा तिच्या हातातलं दावं घेऊन म्हैस ओढत नेतो, असा प्रसंग आहे. आमच्यातल्या एका सरांनी नेमकं ते पान निवडलं, वाचलं आणि भाषेचं कौतुक केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात एक मावशी बसल्या होत्या. त्या स्वतः वाचत नाहीत, नातीने अख्खी कादंबरी रोज रात्री त्यांना वाचून दाखवली होती. घरात पाच-सहा म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. त्या शेजारणीला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "दावं कोन देस? लक्ष्मी चालनी जास." (दावं कोण देतं? लक्ष्मी निघून जाते.)

सर गडबडले. लेखिकेने मात्र विचारलं, "मग म्हैस नेतात कशाने?" मावशींनी सांगितलं की घेणारा आपलं दावं घेऊन येतो. त्याचं बांधून झालं की मग आपलं सोडायचं, घरी आणायचं आणि खुंटीला टांगून ठेवायचं. पुढे पारडी मोठी झाली की तिला तेच. सोडायचं कुणी, घरातल्या बाईने की गड्याने? त्यावर दोन बायांचं एकमत होईना. लेखिकेच्या पिशवीतून वही निघाली. आमचा लेखनप्रवासावरचा प्रश्न कागदावरच राहिला आणि लेखिकाच प्रश्न विचारत बसल्या. नंतर त्या म्हणाल्या की हे आधी कळतं तर ती बाई रिकाम्या हाताने परतली नसती, दावं घेऊन परतली असती आणि पुढचं प्रकरण मी वेगळं लिहिलं असतं. सरांचं म्हणणं पडलं की प्रसंग आहे तसाच चांगला आहे. वाद बराच रंगला. मला मावशींचं पटतं.

म्हणून सांगतो, अहिराणीत, म्हणजे आपल्या खान्देशी बोलीत, बोलणाऱ्याला 'प्रमाण मराठीत बोला' म्हणून अडवू नका. लेखकांना कळलं नाही तर शेजारचा सांगतो. आणि न आवडलेलंही बोलू द्या. अट एवढीच की पानाचा नंबर सांगून बोलायचं. 'शेवट गुंडाळला' असं मोघम म्हटलं की लेखक दुखावतो. 'अमुक पानापासून घाई झाली' म्हटलं की तो पुस्तक उघडून बघतो.

'हे खरंच घडलंय का?' हा प्रश्न येणारच, टाळता येत नाही. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे आणि १९६३ च्या 'कोसला'च्या नायकाचं आडनाव सांगवीकर. तेव्हापासून खान्देशातला वाचक प्रत्येक कादंबरीत गावचं नाव आणि ओळखीचं माणूस हुडकतो. मी लोकांना तो प्रश्न थोडा फिरवायला सांगतो: खऱ्यातलं तुम्ही काय बदललंत, आणि का? त्यावर लेखक मोकळे होतात. 'तुम्हाला सुचतं कसं' हा मात्र आधीच बाद करा, त्याचं उत्तर प्रत्येक लेखकाचं पाठ असतं.

मानधनाबाबत ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पहिल्याच फोनवर प्रवासखर्च, मुक्काम आणि रक्कम सांगून टाका. वीस जणांनी तीनशे काढले तरी सहा हजार होतात. एवढंच जमतंय, असं स्पष्ट सांगितलं तर लेखक हो किंवा नाही म्हणतील, कुणी रागावत नाही. 'आमचं छोटं मंडळ आहे' म्हणून गप्प राहणं आणि गाडी सुटताना पाकीट शोधणं, हे वाईट. पाहुणे आले की पाकीट लगेच द्या. बाहेर टेबलावर विक्रीला त्यांची पुस्तकं ठेवा.

तारीख डिसेंबर-जानेवारीतली धरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पाहुण्याला बोलावणं हा छळ आहे, आणि दिवाळीच्या आगेमागे घराघरात कापूस वेचणीची धांदल असते. रात्रीच्या गाडीने येणार असतील तर सकाळी झोपू द्या. आमच्याकडे पाहुणा उतरला की साने गुरुजींची शाळा, तत्त्वज्ञान मंदिर, मंगळग्रह मंदिर असा दौरा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत माणूस आंबून जातो. एखादंच ठिकाण, तेही त्यांनी विचारलं तर. जेवणाला मळ्यात भरीत करा, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं, सोबत कळण्याची भाकरी. मिरचीचं मात्र आधी विचारून घ्या, बाहेरच्या माणसाला आपलं 'कमी तिखट' झेपत नाही.

फेसबुक लाइव्ह करू नका, मावशी बोलणार नाहीत.

तारीख ठरली की खाली लिहा. शिरपूर काही फार लांब नाही, आमच्यातले दोघं-तिघं येऊ. कादंबरी कुठली तेवढं लवकर सांगा, आम्हालाही पान निवडायला वेळ लागतो.