चार गाड्या आल्या, मग पाणी का मारलं नाही?

तुमचा प्रश्न असा: जिन्याखालच्या मीटरबॉक्समधून धूर आला म्हणून १०१ ला फोन केला, चार गाड्या आल्या, पण जवान पाणी मारायचं सोडून आधी चौकशाच करत होते. असं का, आणि आता याचं बिल येणार का?

बिल येणार नाही. आगीच्या वर्दीला, म्हणजे आग लागल्याच्या फोनला, पैसे लागत नाहीत, मग नंतर ‘एवढंसंच होतं’ असं निघालं तरी. मुंबईत अग्निशमन दलात मी बरीच वर्षं काढली. ‘उगाच कशाला बोलवायचं’ म्हणून लोक आधी स्वतः बादल्या ओततात आणि आम्हाला उशिरा कळवतात, याची हळहळ आजही वाटते. तुम्ही लगेच फोन केलात, फार बरं केलंत.

आधी गाड्या चार का, ते. वर्दी येते तेव्हा ‘धूर येतोय’ यापलीकडे आम्हाला फारसं काही माहीत नसतं. बंबाच्या टाकीतलं पाणी, नळी पूर्ण उघडली तर, काही मिनिटांत संपतं, म्हणून मागे टँकर लागतो. गल्लीत गाड्या लावलेल्या असतील तर दुसऱ्या बाजूनं शिरायला आणखी एक बंब हवा. गरज नसली तर वाटेतूनच गाडी परत फिरवता येते.

आता पाण्याचं. वीज चालू असलेल्या मीटरवर पाण्याचा झोत मारला तर झटका नळी धरणाऱ्याला बसू शकतो. म्हणून मेन बंद केला का, जिन्यात कोणी अडकलंय का, वर म्हातारी माणसं आहेत का, हे आधी विचारावं लागतं. पुरवठा तुटेपर्यंत पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर वापरतात. तुम्हाला वेळकाढूपणा वाटला, पण काम तिथूनच सुरू झालं होतं.

खरी काळजी मला तुमच्या जिन्याची वाटते. जुन्या इमारतींत मीटर जिन्याखाली, त्याच्यासमोर स्कूटर, भंगार, जुन्या गाद्या. खाली पेटलं की जिना म्हणजे धुरांडं होतो आणि उतरायची तीच एक वाट असते. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग तळाशी लागली, वाहनं आणि चिंध्यांचे गठ्ठे पेटले आणि धूर वरच्या मजल्यांपर्यंत गेला. आगीत माणसं भाजण्याआधी धुरानं गुदमरतात.

त्यामुळे जिन्यात धूर दिसला तर खाली पळू नका, लिफ्टला तर हातच लावू नका. दार लावा, फटीत ओलं फडकं कोंबा, खिडकीशी उभे राहा आणि १०१ ला आपला मजला सांगा. खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप ठेवा आणि कुलूप असेल तर किल्ली तिथेच टांगा. ग्रिल कापण्यात आमचा किती वेळ जातो, ते बाहेरून कळत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना एक विचारा: आपल्या इमारतीत आग विझवायची यंत्रणा बसवलेली असेल, तर महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते दिलं जातं का?

आणि पुन्हा कधी फोन करावा लागला, तर एकाला नाक्यावर उभं करा. रात्री इमारतीची पाटी दिसत नाही.